लष्करी वैमानिक, पुढे उद्योजक आणि मग लोकनेता झालेला कोणी भारतीय आहे का?

आहे, आणि माझ्या मते हे नाव महाराष्ट्रात फारच कमी घेतलं जातं: बिजू पटनाईक. जन्म कटकचा, ५ मार्च १९१६. कॉलेज अर्धवट सोडून ते विमान शिकायला गेले. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये होते, रंगूनमधून ब्रिटिश कुटुंबांना बाहेर काढणारी उड्डाणं त्यांनी केली. आणि त्याच काळात 'छोडो भारत'वाल्या भूमिगतांना मदत केली म्हणून तुरुंगातही गेले!

जुलै १९४७ ची गोष्ट तर मुद्दाम वाचा. डच सैन्याने इंडोनेशियाला घेरलं होतं. नेहरूंच्या सांगण्यावरून बिजूबाबू डाकोटा विमान घेऊन जावात उतरले. सोबत पत्नी ग्यानदेवी, त्याही वैमानिक. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते सुतान शहरीर यांना त्यांनी सिंगापूरमार्गे दिल्लीला आणलं. इंडोनेशियाने याबद्दल त्यांना 'भूमिपुत्र' हा मान दिला. परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी स्वतःचा जीव असा पणाला लावणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

उद्योगात कलिंग एअरलाइन्स, कलिंग ट्यूब्स. युनेस्कोचा विज्ञानप्रसारासाठीचा कलिंग पुरस्कारही त्यांच्याच देणगीतून सुरू झाला.

ओडिशाचे ते दोनदा मुख्यमंत्री झाले, १९६१-६३ आणि १९९०-९५. पारादीप बंदरासाठी त्यांनी अक्षरशः जिवाचं रान केलं. मधे जनता सरकारात केंद्रात पोलाद खातंही सांभाळलं. १७ एप्रिल १९९७ ला, ८१ व्या वर्षी ते गेले. भुवनेश्वरच्या विमानतळाला आज त्यांचंच नाव आहे.