मार्शलिंग: युद्ध नव्हे, पागा

हिंजवडीत एम्बेडेड उपकरणांवर काम करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न: सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेतून सी भाषेच्या लायब्ररीतलं फंक्शन कॉल करताना डेटा पलीकडे पोचवण्याला 'मार्शलिंग' म्हणतात. हा 'मार्शल लॉ'तलाच मार्शल का? मराठीत 'भाषांतर' म्हणावं का?

नाही, आणि नाही. 'मार्शल लॉ'तला मार्शल मार्स या रोमन युद्धदेवतेचा. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग वेगळं, देवनागरीत एकच. मग 'डेटाला लष्करी शिस्त लावणं म्हणजे मार्शलिंग' अशी व्युत्पत्ती बिनदिक्कत ठोकली जाते. गेल्या महिन्यात दोनदा ऐकली. कृपा करून थांबवा.

आपला मार्शल जुन्या जर्मानिक 'मारह' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे चाकर यांतून आला. चक्क मोतद्दार! इंग्रजीतली 'मेअर', म्हणजे घोडी, त्याच 'मारह'ची नातलग. फ्रेंचमध्ये नालबंदाच्या नावात 'मारेशाल' अजून शाबूत आहे. या चाकराचा पुढे सेनापती झाला, मग समारंभात कोणी कुठं उभं राहायचं ते ठरवणारा, आणि त्यातून 'नीट मांडून रांगेला लावणं' हे क्रियापद आलं. पेशव्यांच्या घोड्यांच्या जागेवरची मुलींची शाळा ज्या पुण्यात आजही 'हुजूरपागा' म्हणून ओळखली जाते, तिथं हा शब्द परका वाटूच नये.

म्हणून मी म्हणतो, 'मोतद्दारी' म्हणा. मॅनेज्ड कोड, म्हणजे इथं सी-शार्पचा, हा बारगीर: त्याचा घोडा सरकारी पागेतला, तशी याची मेमरी रनटाइमची, म्हणजे तो कोड चालवणाऱ्या यंत्रणेची. सीचा कोड शिलेदार: घोडा स्वतःचा, निगाही स्वतःच राखायची. गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा रनटाइमचा भाग, पागेतली जनावरं मध्येच हलवू शकतो, म्हणून सीचं फंक्शन परतेपर्यंत ऑब्जेक्ट जागच्या जागी 'पिन' करतात. खुंट्याला बांधणं याहून वेगळं काय असतं?

'क्रमिकीकरण' सुचवणारे परिभाषापंडित सीरियलायझेशनशी गल्लत करतात. तिथं ऑब्जेक्टची बाइट्सची ओळ करून ती फायलीत ठेवतात. इथं बारगीर आणि शिलेदार एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममध्ये, शेजारी उभे आहेत.

राहिलं 'भाषांतर'. इंट, म्हणजे पूर्णांक, तसाच्या तसा जातो, त्याचं कसलं भाषांतर? स्ट्रिंगपुरतं, म्हणजे मजकुरापुरतं, म्हणा हवं तर. अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धती दोन: ती सी-शार्पमध्ये यूटीएफ-१६, लिनक्सवरच्या सीला बहुधा यूटीएफ-८ हवी. सीचा 'लाँग' हा पूर्णांक मात्र एआरएम प्रोसेसरच्या ३२ बिटी लिनक्सवर ४ बाइटांचा, ६४ बिटीवर ८ बाइटांचा. सी-शार्पचा कायम ८ बाइटांचा. बोर्ड बदलल्यावर ते माप मोतद्दाराला तुम्हीच सांगायचं. सीची हेडर फाइल, म्हणजे फंक्शनांच्या घोषणांची फाइल, तो वाचत नाही.