हँडओव्हर नोट्सपासून सुरुवात करा

तुम्ही लिहिलंय की चोवीस वर्षांनी चीफ इंजिनियर म्हणून जहाज सोडलं, घरी येऊन चार महिने झाले, रात्री झोप नाही, आणि "निवांत झालो की लिहीन" म्हणून आणलेली वही अजून कोरीच आहे. मी डेकवाला. शेवटची बरीच वर्षं चीफ ऑफिसर, म्हणजे चार ते आठचा वॉच, पहाटेची आणि संध्याकाळची पहाऱ्याची पाळी. किनाऱ्यावर येऊन सहा वर्षं झाली, आणि पहिलं वर्ष माझंही असंच गेलं.

आधी झोपेचं. जहाजावर जनरेटरची घरघर चोवीस तास कानात असते. ती थांबली म्हणजे ब्लॅकआउट, जहाजाची वीज गेली, आणि तुम्ही पायात बूट अडकवून खाली पळणार. घरी रोज रात्री सगळं गप्प होतं आणि शरीर त्यालाच ब्लॅकआउट समजतं. पंखा लावून झोपा, थंडीतसुद्धा. मला त्याचाच उपयोग झाला. पहाटे साडेतीनला जाग मात्र अजून येते. ती मोडायचा नाद मी सोडून दिला.

घरच्यांबद्दल एकच सांगतो. आल्याआल्या मी स्वयंपाकघरातले डबे मापाप्रमाणे लावले, जड खाली, हलके वर. जणू घर डोलणारच होतं. बायको चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी सगळे डबे होते तिथे परत. आपण नसताना वीस वर्षं ते घर व्यवस्थित चाललंय, हे पचायला वेळ लागतो. तोवर भाजी आणून द्यावी.

आता लिहिण्याचं. निवांत वेळ मिळाला की लिहू, हे जहाजावरच ठीक होतं. तिथे दिवसाला कडा होत्या, वॉच संपला की रिलीव्हर, म्हणजे आपली जागा घेणारा, यायचा. इथे दिवस सैल आणि तुम्ही सगळ्यांना मोकळे दिसता. बँकेत जा, गॅसवाल्याला फोन कर, सोसायटीच्या मीटिंगला बस. मी वॉच परत घेतला. चार ते सहा. सहाला दूधवाला हा माझा रिलीव्हर, बेल वाजली की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी फार कामाला येतं, कुठून सुरू करायचं हा प्रश्नच उरत नाही.

काय लिहायचं? आत्मचरित्र नको. मी त्यातच आठ महिने अडकलो, कारण माझी भाषा लॉगबुकची, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीची, होती. बिस्केच्या उपसागरातल्या एका रात्रीची माझी नोंद अशी: वारा वायव्य, फोर्स 9, जहाज जोरात डोलतंय, डेकवर पाणी. खरं आहे सगळं. पण त्या रात्री एकोणीस वर्षांचा कॅडेट, शिकाऊ पोरगा, बादली पोटाशी धरून ब्रिजवर, जहाज चालवतात त्या खोलीत, बसला होता आणि दर तासाला उठून, भिंत धरत, बॅरोमीटरचा आकडा लिहीत होता. बादली लॉगमध्ये नाही.

लॉगची एक सवय मात्र ठेवा. तिथे खाडाखोड चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, सही करायची, पुढे जायचं. वहीतही तेच करा. मागचं पान सुधारत बसलात तर बंदर येणार नाही.

आणि सुरुवात हँडओव्हर नोट्सने करा. साइन ऑफ करताना, म्हणजे जहाज सोडताना, आपण रिलीव्हरसाठी लिहितो ते लॉगपेक्षा कितीतरी जिवंत असतं. कुठला अलार्म खोटा वाजतो, कुठला व्हॉल्व्ह अर्धा फिरवून थोडा मागे घ्यावा लागतो, कुठल्या माणसाशी सकाळी बोलू नये. ऐकणारा डोळ्यासमोर असतो, म्हणून भाषा आपोआप सरळ होते. मी थर्ड मेट, म्हणजे डेकवरचा कनिष्ठ अधिकारी, असतानाच्या जहाजाच्या नोट्स अशाच लिहिल्या. ते जहाज कधीच अलंगला, जहाजं तोडतात तिथे, गेलं, त्याचा पत्रा आज कुणाच्या तरी स्लॅबमधली सळई झाला असेल. रिलीव्हर येणार नाही हे माहीत असूनही बेचाळीस पानं झाली, आणि कॅडेटची बादली त्यातच आली, बॅरोमीटर कुठे लावलाय हे सांगताना.

तुम्ही प्युरिफायरपासून, त्या तेल साफ करणाऱ्या यंत्रापासून, सुरू करा. इंजिनवाले त्याच्या नावाने जेवढ्या शिव्या देतात तेवढ्या कॅप्टनलाही देत नसतील, तेव्हा मजकूर कमी पडायचा नाही. पान झालं की मला वाचायला द्या. डेकवाल्याला कळेल असं लिहा, एवढीच अट.