इंजिनीअर लेकीला ग्रंथपाल व्हायचंय

विट्याच्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा, दुकान तमिळनाडूत, घर विट्यात. मुलगी यंदा कराडमधून सिव्हिल इंजिनीअर झाली, सीजीपीए 8.2. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर तिने नाकारली. आता कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राला प्रवेश घ्यायचा आणि पुढे इंजिनीअरिंग कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करायचं, असं ती म्हणते. वडील लिहितात, "चार वर्षांचा खर्च पाण्यात गेला. पै-पावण्यांना काय सांगू, इंजिनीअर पोरगी पुस्तकांवर शिक्के मारते? एमपीएससीचा क्लास लाव म्हटलं तर ऐकत नाही. शेवटी सांगितलं, तुझंच खरं करायचं असेल तर दिवाळीनंतर स्थळं बघायला लागतो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही तिचं मन वळवा. नेटवर सगळं मिळतं, लायब्ररीत आता कोण जातं?"

नमस्कार.

मन वळवायचं काम मी करणार नाही. पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा मी दिवाळीनंतरच्या स्थळांपाशी अडकले. मुलीने कोणता कोर्स करावा यावर बापलेकीत वाद व्हावा, जोरात व्हावा, त्यात काही वावगं नाही. पण "माझं ऐक, नाहीतर लग्न लावतो" हा सल्ला होत नाही. ही धमकी आहे. लग्न ही शिक्षा म्हणून समोर ठेवलीत, की त्या मुलीला दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे तिचं म्हणणं ऐकून घेतलं जाणार नाही. दुसरी, घरात तिच्या वयाचा हिशोब चाललाय. मग ती गप्प बसते. गप्प बसलेली मुलगी हट्टी झाली असं तुम्हाला वाटतंय. मला ती घाबरलेली वाटते. एवढं मोठं पत्र तुम्ही लिहिलंत, पण ग्रंथालयशास्त्रच का, हे तिला विचारल्याचा एकही उल्लेख त्यात नाही. पावणे काय म्हणतील ते तीनदा आलंय.

खर्चाचंही तसंच. चार वर्षांची फी तुम्ही भरलीत, कष्टाने भरलीत, परगावी राहून भरलीत. त्याची किंमत तिला नाही असं कुणीच म्हणणार नाही. पण फी भरली म्हणून पुढचं आयुष्य तारण पडत नाही. घरोघरी हेच चाललंय, म्हणून इतकं स्पष्ट लिहितेय.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. तुम्ही ती सहज लिहून गेलात: "प्रोजेक्टच्या वेळी एका जुन्या शाळेच्या इमारतीचं ऑडिट होतं, लायब्ररीत कसल्या तरी जुन्या कोडवरून काहीतरी झालं, तेव्हापासून हे खूळ." त्या "काहीतरी"त काय झालं असेल, याचा मला बराच अंदाज आहे.

काँक्रीटच्या बांधकामासाठी आपल्याकडे आयएस 456 हे मानक, म्हणजे कोड, आहे. 1978 साली त्याची एक आवृत्ती आली, 2000 साली सुधारित आवृत्ती. 1978च्या आवृत्तीप्रमाणे आरसीसीला एम 15 प्रतीचं काँक्रीट चालत होतं. 2000च्या आवृत्तीने किमान एम 20, म्हणजे त्याहून मजबूत काँक्रीट, सक्तीचं केलं. आता 1985-90च्या सुमारास बांधलेल्या शाळेचं ऑडिट करायचं आणि हातात फक्त 2000ची आवृत्ती असली, तर एम 15 दिसताच विद्यार्थी लिहून मोकळा होतो: निकृष्ट बांधकाम, ठेकेदाराने माल खाल्ला. खरं तर ठेकेदाराने त्या वेळच्या नियमाप्रमाणेच काम केलेलं असू शकतं. इमारत आज पुरेशी आहे की नाही हा प्रश्न उरतोच, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही वेगळं निघतं. हा फरक कळायला 1978ची ती पातळ पुस्तिका हातात यावी लागते. "जुनी आवृत्ती, रद्दीत काढा" असा शेरा मारून कित्येक लायब्रऱ्यांनी अशा पुस्तिका काढून टाकल्या. तुमच्या लेकीच्या कॉलेजात कुणीतरी ती ठेवली होती. का ठेवायची हे त्या माणसाला कळत होतं. तिला बहुधा ते "कळणं" आवडलंय.

हेच ते काम. शिक्का मारणं हा त्यातला शेवटचा, अर्ध्या मिनिटाचा भाग. इंजिनीअरिंगची लायब्ररी उभी करायची म्हणजे काय घ्यायचं, किती घ्यायचं, काय काढायचं आणि काय कधीच काढायचं नाही, हे ठरवायचं. अभ्यासक्रम बदलला की पाठ्यपुस्तकं बदलतात, पण हँडबुक वर्षानुवर्षं लागतात. मानकं सुधारतात, तरी जुनी लागतात. पीएचडीच्या विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा परिषदेतला शोधनिबंध, पेटंट, एखाद्या सरकारी खात्याचा अहवाल जास्त उपयोगी पडतो, आणि त्यातलं बरंचसं दुकानात विकत मिळतच नाही. पत्रं लिहून, माणसं गाठून मिळवावं लागतं. तुम्ही गलाईवाले आहात. सोनाराच्या दुकानातला केर तुम्ही विकत घेता तेव्हा बघणाऱ्याला माती दिसते आणि तुम्हाला त्यातलं सोनं दिसतं. चार वर्षं सिव्हिल शिकलेल्या मुलीला पुस्तकांच्या ढिगात तसं दिसणार आहे. तो खर्च पाण्यात गेला नाही.

तुमच्या भागातलंच उदाहरण घ्या. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप. धरणाला भेगा गेल्या, नंतर ते मजबूत करून घ्यावं लागलं. त्या दिवशी धरणातल्या यंत्राने जमिनीच्या हादऱ्याची जी नोंद केली, ती आजही जगभरचे संशोधक धरणाचं गणित तपासायला वापरतात. बांधकामावरचे ताण तपासणारं ॲबॅकस नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या सोबत येणाऱ्या नमुना उदाहरणांतसुद्धा कोयना धरण आहे. धरणाच्या साठ्यामुळे भूकंप होतात का, या प्रश्नावर जगात कुठेही काही लिहिलं गेलं तर कोयनेचं नाव येतंच. कराडला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, ती याच भागात खोल भोकं पाडून भूकंपाचा अभ्यास करते. आता सांगा, कोयनेवरचे अहवाल, प्रबंध, नकाशे, चर्चासत्रांचे निबंध एका जागी, नीट सूची करून, सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला मिळायला नकोत? असा संग्रह उभा करणं हे एका माणसाचं आयुष्यभराचं काम आहे. त्यासाठी भूकंप अभियांत्रिकी वाचता येणारा ग्रंथपाल लागतो. नुसती ग्रंथालयशास्त्राची पदवी तिथे पुरत नाही.

"नेटवर सगळं मिळतं" हा गैरसमज फक्त तुमचा नाही, कित्येक प्राध्यापकांचाही आहे, म्हणून जरा थांबते. चांगल्या संशोधन नियतकालिकांचे लेख बहुतेक पैसे भरूनच वाचता येतात, आणि एका संस्थेला ते परवडत नाहीत. म्हणून केंद्राने "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजना आणली. 25 नोव्हेंबर 2024ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं. कामकाज गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणारं केंद्र बघतं. मोठं पाऊल आहे. पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांसाठी आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजच्या विद्यार्थ्याला जो लेख उघडतो, तो शेजारच्या खासगी कॉलेजच्या विद्यार्थ्याला उघडत नाही. तिथे कुणीतरी बसून ठरवावं लागतं: आपल्या पैशात कोणती नियतकालिकं, डेलनेटसारख्या लायब्रऱ्यांच्या जाळ्यातून उसनं काय मागवायचं, मोफत काय आहे. भारतीय मानक ब्युरोची बहुतेक मानकं, पेटंटचे शोधसाठे, एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं, शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएचडीचे प्रबंध हे सगळं खरोखर मोफत आहे, आणि तरी ते कुठे आणि कसं शोधायचं हे शेवटच्या वर्षाच्या पोरांनाही माहीत नसतं. ज्यांना सगळं उघडतं त्यांच्यापुढे वेगळी अडचण: 13,000 नियतकालिकांतलं आपल्या कामाचं कोणतं? आणि वर्गणी बंद झाली की त्यातलं आपल्याकडे काय उरणार, हे करार करतानाच विचारावं लागतं. नेट वाढलं तसं हे काम वाढलंय.

मात्र वाईट बाजूही सांगते, कारण ती तुमच्या लेकीनेही वाचावी. आपल्याकडच्या बऱ्याच खासगी कॉलेजांत लायब्ररी ही तपासणीची कमिटी यायच्या आधी आठवते. मग आकडा भरायला एकाच गाईडच्या चाळीस प्रती येतात, बिलं लागतात, कमिटी गेली की कपाटाला कुलूप. हे मला संतापजनक वाटतं. विद्यार्थ्यांच्या फीमधून झालेला हा खर्च असतो. अशा ठिकाणी चांगला ग्रंथपाल एकटा पडतो, पगारही तुटपुंजा मिळतो. विद्यापीठात किंवा अनुदानित कॉलेजात पद मिळालं तर सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची श्रेणी आहे, सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. पण या जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते, आणि निघाली की एका जागेला रांग लागते. फक्त या एका जागेच्या भरवशावर तिने उडी घेऊ नये.

मार्ग थोडक्यात: ग्रंथालयशास्त्रात 55 टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. शिवाजी विद्यापीठ चांगलंच आहे, पण तिने बेंगळुरूच्या डीआरटीसीचीही प्रवेश परीक्षा द्यावी. भारतीय सांख्यिकी संस्थेचं हे केंद्र 1962 साली डॉ. रंगनाथन यांनी सुरू केलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यावेतन मिळतं, आणि गणित-संगणकाची भीती नसलेल्या विद्यार्थ्याला तिथे वाव आहे. रंगनाथन स्वतः गणिताचे प्राध्यापक होते. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि भारतातलं ग्रंथालयशास्त्र त्यांनी उभं केलं. गणित सोडून लायब्ररीत गेलेल्या माणसाला आज कुणी वाया गेला म्हणत नाही.

शिवाय इंजिनीअरिंगची पदवी हातात असल्यामुळे पेटंट एजंटची, म्हणजे इतरांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याची, परीक्षा तिला देता येते. पेटंट शोधणं, एखादी कल्पना आधी कुणी मांडली आहे का हे तपासणं, कंपनीच्या संशोधन विभागासाठी माहिती गोळा करणं ही कामं खासगी क्षेत्रात आहेत आणि त्याला हेच दोन्ही विषय एकत्र लागतात. विद्यापीठातली जागा निघेपर्यंत तिला रिकामं बसावं लागणार नाही.

तिच्यासाठी दोन शब्द, हे पत्र तिला वाचायला द्या. बाळ, पुस्तकांच्या सहवासात शांत बसायला मिळेल म्हणून जाणार असशील, तर जाऊ नकोस. तिथे कोटेशन मागवावी लागतात, विक्रेत्याशी सवलतीवरून घासाघीस करावी लागते, विभागप्रमुख यादी देत नाहीत म्हणून त्यांच्या दारात पाच वेळा उभं राहावं लागतं, आणि दिलेली यादी चुकीची असली तर तसं सांगायची हिंमत लागते. सॉफ्टवेअरच्या कामाची भीती म्हणून नोकरी नाकारली असशील, तर तेही स्वतःशी कबूल कर. प्रवेशाआधी काही आठवडे तुझ्याच कॉलेजच्या ग्रंथपालांकडे बिनपगारी काम मागून बघ. एकच काम माग: सिव्हिलच्या कपाटांतलं काय ठेवायचं, काय काढायचं, याची यादी कारणांसह करून द्यायची. ते करताना कंटाळा आला नाही, तर कोल्हापूरचा किंवा बेंगळुरूचा फॉर्म भर.

आणि तुम्ही. एमपीएससीच्या क्लासची चौकशी थांबवा. ज्या परीक्षेला बसायची मुलीची इच्छाच नाही, तिच्यात तीन-चार वर्षं आणि घरचं उरलंसुरलं बोलणं दोन्ही जातं. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा तिच्याबरोबर कराडला जा, ते ऑडिटचं प्रकरण तिच्याकडून ऐका, ती पुस्तिका दाखव म्हणा. पावण्यांनी विचारलं तर इंजिनीअरिंगची ग्रंथपाल होतेय म्हणून सांगा. आवाज खाली न आणता सांगितलंत, तर पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

स्थळांची गोष्ट मात्र गावी येईपर्यंत ठेवू नका. तिला तुम्ही स्वतः फोन करा, आईकडून निरोप नको, आणि दिवाळीचं ते बोलणं मागे घेतलं असं स्पष्ट शब्दांत सांगा. ती लगेच बोलेलच असं नाही. दोन दिवसांनी परत करा.