मॅडम, एम-थ्री परत राहिलं, इंजिनिअरिंग सोडून देऊ का?

एम-थ्री म्हणजे सेकंड इयरचा गणिताचा पेपर, आणि दर निकालानंतर हा प्रश्न येतोच. दोन-तीन पोरं तरी केबिनच्या दारात घुटमळत असतात, आत या म्हटलं की "काही नाही मॅडम, सहज" म्हणतात.

मी मूळची समुपदेशक वगैरे नाही, इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. नोकरीला लागले तेव्हा जीएफएम (म्हणजे पोरांवर लक्ष ठेवणारी पालक-शिक्षिका) म्हणून वीस पोरं गळ्यात पडली, हजेरी कमी झाली की घरी फोन लावायचा एवढंच काम. नंतर समुपदेशनाचा डिप्लोमा केला आणि हळूहळू हेच पूर्णवेळ काम झालं. सुरुवातीला मी खूप भाषण द्यायचे, एका मुलाला तर सरळ सांगितलं होतं की हे तुझं काम नाही. अजून टोचतं ते.

तर या वेळी हा प्रश्न घेऊन आलेला मुलगा मेकॅनिकलचा, डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला. एम-थ्री तीनदा राहिलेलं, आता टीईला (थर्ड इयरला) होता आणि आमच्याकडे एसई, म्हणजे सेकंड इयर, पूर्ण क्लिअर असल्याशिवाय बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, ॲडमिशन नाही, म्हणजे वायडी (वर्ष वाया जाणं) डोक्यावर. घरी सांगितलेलं नाही. "माझं डोकंच नाही मॅडम गणिताचं."

मी म्हटलं सोडायचं का ते नंतर ठरवू, आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागव. फॉर्म भर, फी भर. त्याला वाटलं मी रिव्हॅल्युएशनची आशा दाखवतेय, तसं काही नव्हतं, मला फक्त बघायचं होतं तो नक्की कुठे अडतो.

झेरॉक्स आली. डिफरन्शियल इक्वेशनच्या गणितात डी स्क्वेअर प्लस फोर डी प्लस थ्रीचे फॅक्टर बरोबर पाडलेले, आणि रूट्स लिहिलेत 1 आणि 3. मायनस गायब! तिथून पुढचं पान भरून सगळं चुकीचं. लाप्लासच्या गणितांत पार्शल फ्रॅक्शनला (मोठा अपूर्णांक छोट्या अपूर्णांकांत तोडायला) आला की प्रत्येक वेळी खोडून पुढचा प्रश्न. डिप्लोमावाल्या पोरांचं हे नेहमीचंच, इकडे फर्स्ट इयरचं एम-वन एम-टू त्यांना नसतंच, एकदम एम-थ्रीत पडतात. म्हटलं, "हे डोकं नसल्याचं लक्षण आहे का? हा बारावीचा एक धडा राहिलाय तुझा."

खरी अडचण वेगळीच निघाली, ज्युनिअर्सच्या वर्गात बसायची लाज. मग गणिताच्या मॅडमना विचारून शेवटच्या बाकावर बसवला, आठवड्यातून दोन लेक्चर. आणि हेही सांगितलं की सोडलंस तरी डिप्लोमा हातात आहे, ज्युनिअर इंजिनिअरच्या जागांना तो चालतो, तू काही रस्त्यावर येत नाहीस. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा नीट टेकून बसला. (पालक हे वाचत असतील तर, "मग एवढी फी कशाला भरली" हे वाक्य जरा गिळा.)

घरी फोन त्यानेच केला, माझ्यासमोर, स्पीकरवर. वडील थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "जेवलास का?"

पुढच्या परीक्षेत एम-थ्री सुटलं: 70 पैकी 28 लागतात पासिंगला, त्याला 33 पडले. टीईचा एक विषय अजून लटकलाय, त्याची झेरॉक्स सोमवारी घेऊन येतोय.