वाचकांचे प्रश्न: एवढासा कण बघायला २७ किलोमीटरचं मशीन कशाला?

प्रश्न (सोलापूरच्या पूर्व भागातले एक वाचक, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे): सर नमस्कार. पोरगी बीएस्सीला आहे, ती मोबाईलवर दाखवली की युरोपात जमिनीखाली २७ किलोमीटरचं गोल मशीन आहे आणि आता ९१ किलोमीटरचं बांधायचं म्हणतेत. इथं नळाला चार दिवसाआड पाणी येतंय. एवढासा कण बघायला एवढं मोठं मशीन कशाला लागतंय ओ? आणि आपल्याला काय उपयोग?

उत्तर: दादा, तुमच्या मागावरनंच सुरू करू. आडवं सूत नेणारा धोटा एका टोकाला दणका खातो, पलीकडं जातो, तिथं परत दणका. जिनिव्हाजवळच्या त्या मशीनमध्ये, म्हणजे सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या एलएचसीमध्ये, प्रोटॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातला कण, असाच दणके खात वेग घेतो, फरक एवढाच की दणका देणारी जागा एकच आणि तो गोल फिरून परत तिथंच येतो, सेकंदाला ११ हजारांहून जास्त फेऱ्या, आणि दर फेरीला नवा दणका. म्हणून मशीन गोल. आता मोठं का, तर रिक्षा नव्या पेठेतल्या बोळात आरामात वळते पण हायवेवरच्या भरधाव ट्रकला तसं वळवायला गेलं तर पलटीच. प्रोटॉनची ऊर्जा जितकी जास्त तितका तो वळायला अवघड. वळवतात चुंबकानं, आणि चुंबकाच्या ताकदीला मर्यादा आहे, मग उरतं काय, वळणच मोठं करायचं. सोलापुरात ते वर्तुळ आखलं तर आडवं साडेआठ किलोमीटर भरेल, शहराचा बराचसा भाग पोटात जाईल.

नुसती वळवणारी मोठी चुंबकं १२३२ आहेत, एकेक १५ मीटर लांब, वजन ३५ टन, आणि ती उणे २७१ अंशावर थंड ठेवावी लागतात. आणि हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, ही चुंबकं ज्या जॅकवर बसवलीत ते जॅक आपल्या देशात बनलेत, इंदूरच्या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेच्या देखरेखीखाली, जवळपास ७ हजार नग. एका चुंबकाखाली तीन जॅक, आणि ३५ टनाचं धूड केसाच्या जाडीपेक्षा कमी अंतरानं सरकवून लेव्हल करता येतं. माग लेव्हलला बसवताना तुम्ही किती वेळ घालवता ते तुम्हाला माहीत आहे, मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

हे सगळं कशासाठी, तर तिथं नुसता बारीक कण "बघत" नाहीत, नवा कण तयार करतात. समोरासमोरून येणारे प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात, आणि त्या टक्करीतली ऊर्जा वस्तुमानात बदलते. हिग्ज कण, म्हणजे मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं याच्याशी जोडलेला कण, प्रोटॉनच्या सव्वाशे पटीहून जड, तो कुठं आयता पडलेला मिळत नाही, आणि साधारण अब्ज टकरींमागं एखादाच तयार होतो, तोही क्षणात फुटून जातो, मागं राहिलेल्या तुकड्यांवरनं ओळखायचा. ४ जुलै २०१२ ला तो सापडल्याचं जाहीर झालं, २०१३ ला, त्यामागचा सिद्धांत आधीच मांडणाऱ्या पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आंग्लेर यांना नोबेल मिळालं. या कणाला हिग्ज बोसॉनही म्हणतात, त्यातलं "बोसॉन" हे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोसांवरनं आलंय हे पोरीला माहीत असेलच.

आणि एक तार तुटली की माग कसा बंद पडतो ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? सप्टेंबर २००८ मध्ये मशीन सुरू होऊन नऊच दिवस झाले होते, दोन चुंबकांमधला विजेचा एक सांधा खराब निघाला, जळाला, चुंबकं थंड ठेवणारं टनावारी हेलियम बोगद्यात फुटलं आणि ५३ चुंबकं वर काढावी लागली. परत सुरू व्हायला वर्षाच्या वर गेलं.

उपयोग विचारलात. कॅन्सरला शेक द्यायचं जे लिनॅक मशीन असतं ते याच घराण्यातलं, इलेक्ट्रॉनला वेग देऊन धातूवर आदळवायचा की एक्स-रे निघतो. मोबाईलवर पोरीनं जे पान दाखवलं ते वेबसुद्धा १९८९ मध्ये सर्नमध्येच सुचलं, शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती मिळावी म्हणून. पण खरं सांगू का, हिग्ज कणाचा उद्या सोलापुरात उपयोग होईल असं मी म्हणणार नाही, खोटं ठरेल. जग कशाचं बनलंय हे कळावं म्हणूनच ते बांधलंय आणि मला ते कारण पुरेसं वाटतं.

९१ किलोमीटरच्या मशीनचा अंदाजे खर्च १५०० कोटी स्विस फ्रँक धरलाय, तोही पहिल्या टप्प्याचा, आणि मंजुरी अजून नाही. अमेरिकेनं टेक्सासमध्ये ८७ किलोमीटरचं सुरू केलं होतं, २३ किलोमीटर बोगदा खणून झाल्यावर १९९३ मध्ये ते गुंडाळलं. अर्धवट सोडायचं असेल तर सुरूच करू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे. नळाच्या पाण्याचा तुमचा राग अगदी रास्त आहे, आमच्या गल्लीतही तेच हाल, पण ते पाणी त्या बोगद्यानं अडवलेलं नाही.

प्रश्न (जुळे सोलापूर): २००८ साली टीव्हीवर सांगत होते की कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळणार. धोका खरंच नाही का?

उत्तर: नाही. अवकाशातनं या मशीनपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे कण अब्जावधी वर्षं पृथ्वीवर आदळतायत, आत्ताही. चंद्र, सूर्य, सगळे जागेवर आहेत.

जाता जाता पहिल्या पत्रातल्या ताईसाठी: सर्ननं आपल्या टकरींचा बराचसा डेटा सगळ्यांना फुकट खुला केलाय. कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर उघड, टकरीतनं निघालेल्या कणांच्या वाटा रंगीत रेषांनी दिसतात, आणि एक दिवस पप्पांना शेजारी बसवून दाखव.