४५० साइझच्या आरसी हेलिकॉप्टरचे सर्व्हो थ्रॉटल वाढवला की थरथरतात, इंटरफिअरन्स कसा घालवायचा?

तुम्ही लिहिलंय की हेलिकॉप्टर फ्लायबारचं (रोटरवर स्थिरतेसाठी आडवा दांडा असलेलं) आहे, शेपटीला बेल्ट आहे, बॅटरी ३ सेलची लायपो आणि रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा. मोटर बंद असताना सगळं सुरळीत चालतं. थ्रॉटल अर्ध्यावर गेला की स्वॅशप्लेटचे (मुख्य रोटरच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीचे) तिन्ही सर्व्हो, म्हणजे ती हलवणाऱ्या छोट्या मोटरी, थरथरतात आणि शेपटी मधूनच झटका मारते. रिसीव्हरला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळू का आणि मोटरला कपॅसिटर लावू का, असं विचारलंय.

दोन्ही नको. फॉइलने अँटेनाच झाकली जाईल. मोटरच्या टोकांना ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा सल्ला ब्रशवाल्या मोटरसाठी असतो. तिथे ब्रशच्या ठिणग्यांमुळे गोंगाट होतो, म्हणून तो लागतो. तुमच्या ब्रशलेस मोटरच्या तीन वायरींमध्ये कपॅसिटर जोडलात तर ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) प्रत्येक स्विचिंगला जोराचा करंट त्यात घुसेल आणि ईएससी जळू शकेल.

२.४ गिगाहर्ट्झवर मोटरचा गोंगाट रेडिओ लहरींमधून थेट रिसीव्हरमध्ये शिरणं फार क्वचित घडतं. म्हणून माझा संशय दोन गोष्टींवर आहे: बीईसीचं (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होंना देणाऱ्या ईएससीतल्या भागाचं) व्होल्टेज कोसळणं, किंवा बेल्टमुळे साठणारी स्थिर वीज. एक चांगलं आहे की तुमचे स्वॅशचे सर्व्हो थेट रिसीव्हरला जोडलेले आहेत आणि गायरो (वळणं ओळखून शेपटी स्थिर ठेवणारा सेन्सर) फक्त शेपटीवर आहे. नुसत्या कंपनांनी गायरो फसला असता तर फक्त शेपटी हलली असती. तिन्ही सर्व्हो हलतात म्हणजे दोष विजेचाच धरून चाला. (फ्लायबारलेस असतं तर हा तर्क लागू पडला नसता, कारण तिथे सगळेच सर्व्हो गायरोच्या हातात असतात.)

आधी मुख्य रोटरची आणि शेपटीची पाती काढा. हे टाळू नका, घरात ४५० चं पातंसुद्धा बोट तोडू शकतं. मग मोटरचे स्क्रू ढिले करून पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) मुख्य गिअरपासून बाजूला सरकवा आणि स्क्रू पुन्हा घट्ट करा. आता मोटर एकटी फिरेल, बेल्ट थांबलेला राहील. थोडा वेळ, कमी थ्रॉटलवर चालवा आणि थ्रॉटल न हलवता ट्रान्समीटरची स्वॅशची काडी चारही दिशांना झटपट हलवत राहा. थरथर आली तर वीजपुरवठ्याकडे जा. आली नाही, पण गिअर जोडून बेल्ट फिरवल्यावर आली, तर बहुधा बेल्टच दोषी.

वीजपुरवठ्याची खात्री करणं सोपं आहे. ईएससीची तीन वायरींची पिन रिसीव्हरमधून काढा. मधल्या लाल वायरीच्या पिनवरची प्लॅस्टिकची बारीक जीभ सुईने हलकेच उचला, पिन बाहेर ओढा आणि टेप लावून बांधून ठेवा. काळी आणि सिग्नलची वायर तशीच राहू द्या. रिसीव्हरला ४ सेलचा निकेल मेटल हायड्राइड पॅक, म्हणजे ४.८ व्होल्ट, वेगळा जोडा. थरथर थांबली तर बीईसी कमी पडतोय किंवा त्यातून गोंगाट येतोय.

कमी का पडतो, तेही बघा. स्वस्त ईएससीतला बीईसी बरेचदा लिनिअर असतो, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत जाळतो. भरलेली ३ सेलची बॅटरी १२.६ व्होल्ट देते आणि रिसीव्हरला ५ हवेत. सर्व्होंनी २ अँपिअर ओढले की ७.६ गुणिले २, म्हणजे सुमारे १५ वॅट त्या चिमुकल्या चिपवर तापणार. डिजिटल सर्व्हो असतील तर चार सर्व्हो एकदम हलल्यावर याहून जास्त करंट जातो. अशा वेळी सतत ५ अँपिअर देणारा स्विचिंग बीईसी वेगळा लावा. त्यालाही गोंगाट असतो, म्हणून त्याची आउटपुट वायर फेराइट रिंगमधून ४-५ वेढे देऊन रिसीव्हरजवळ न्या. सर्व वायरी एकत्रच गुंडाळायच्या, लाल एकटी नाही.

मल्टिमीटरवर ५ व्होल्ट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. मिलिसेकंदाची घसरण त्याला दिसत नाही. टेलिमेट्रीतली (रिसीव्हरने ट्रान्समीटरला परत पाठवलेल्या माहितीतली) किमान व्होल्टेजची नोंद किंवा ऑसिलोस्कोप हवा. रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत २२०० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर लावतात, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको: २ अँपिअरच्या ओढीत त्याचं व्होल्टेज जेमतेम १ मिलिसेकंदात १ व्होल्टने उतरतं. तो क्षणिक धक्के झेलतो, कमकुवत बीईसीची भरपाई करत नाही. लावताना धन-ऋण नीट बघा.

आता बेल्ट. रबरी बेल्ट प्लॅस्टिकच्या पुलीवर घासून बूमवर (शेपटीच्या लांब नळीवर) वीज साठवतो, ती जवळच्या सर्व्होच्या वायरीवर उडते आणि हवा कोरडी असली की हे वाढतं. बूम मोटरच्या धातूच्या पट्टीला पातळ लवचीक वायरने जोडा. इथे एक गोष्ट बहुतेकांकडून हमखास सुटते: बूमवरचं रंगीत अ‍ॅनोडायझिंग वीज वाहू देत नाही. वायर घट्ट दाबून बांधली तरी जोड होतच नाही. क्लॅम्पखालचा नखाएवढा भाग बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, मोटरच्या पट्टीवरही तसंच करा, आणि मल्टिमीटरने दोन टोकांमधला रोध मोजा. १ ओहमच्या खाली आला पाहिजे. शेपटीचं घर धातूचं असेल तर तेही बूमशी जोडलेलं आहे का, हे तपासा. बेल्टचा ताण कमी करून बघा: बोटाने दाबल्यावर थोडा दबावा, पण दोन्ही बाजू एकमेकींना चिकटू नयेत.

वायरींची मांडणीही नीट करा. मोटरच्या तीन वायरी आखूड ठेवा. सर्व्होच्या वायरी त्यांच्यापासून किमान २-३ सेंटिमीटर दूर न्या, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. फ्रेम कार्बनची असेल तर तिच्या धारेवर टेकणारी प्रत्येक वायर तपासा. कार्बन वीज वाहतो, आणि कंपनांनी इन्शुलेशन घासलं गेलं की तिथेच मधूनमधून शॉर्ट होतं. धार पॉलिश पेपरने मोडून त्यावर सिलिकॉनची नळी चढवा. बॅटरीच्या वायरी लांबवल्या असतील तर आखूड करा. ते शक्य नसेल तर ईएससीच्या इनपुटला दर १० सेंटिमीटरमागे २२० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावतात.

रिसीव्हरच्या अँटेना एकमेकींशी ९० अंशात आणि कार्बनपासून दूर ठेवा. टोकाचा सुमारे ३१ मिलिमीटरचा उघडा भाग हाच खरा अँटेना, तो कापू वा दुमडू नका.

सगळं झालं की मोटर चालू ठेवून (पाती काढलेलीच), ट्रान्समीटर रेंज-टेस्ट मोडवर टाकून ३० पावलांवरून सर्व्हो बघा. फेलसेफवर (सिग्नल तुटल्यावर) थ्रॉटल शून्य होतो का, तेही तिथेच तपासा. एवढं करूनही एखादाच सर्व्हो थरथरत असेल, तर त्याची आणि शेजारच्याची पिन रिसीव्हरवर अदलाबदल करा. थरथर सर्व्होबरोबर गेली तर त्याच्या आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय, सर्व्हो बदला. थरथर त्याच खाचेत राहिली तर रिसीव्हर तपासा.