सिएरा नेवाडा ओलांडणारी गाडीवाट मुळात कोणी पाडली, हे शोधायचं कसं?

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियाकडे गेलेल्या स्थलांतरितांच्या बैलगाड्या सिएरा नेवाडाच्या डोंगरात नेमक्या कुठून चढल्या आणि ती वाट पहिल्यांदा कोणी पाडली, हे सामान्य माणसाला शोधता येईल का. येतं, पण आधी ‘पहिलं कोण’ या प्रश्नाचे तुकडे करा. पायवाट कोणाची, घोड्या-खेचरांची वाट कोणाची, पहिली गाडी कोणाची आणि नंतरचा बांधलेला रस्ता कोणाचा, याची उत्तरं एकाच खिंडीसाठीही वेगवेगळी असतात. बहुतेक वाद हे चार थर एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

सिएरा नेवाडातल्या डॉनर खिंडीचंच बघा. १८४४ साली स्टीफन्स–टाउनसेंड–मर्फी तांड्याला नेवाडातल्या पायूट या मूळ रहिवासी लोकांच्या एका वृद्धाने पश्चिमेकडच्या नदीची माहिती दिली. तांड्याने त्यालाच ट्रकी म्हटलं आणि नदीलाही तेच नाव पडलं. त्या नोव्हेंबरात पाच गाड्या माथ्यावर चढल्या. त्या प्रवासाची तेव्हाची एकही दैनंदिनी आज हाती नाही. आधार आहे तो मुख्यतः त्याच तांड्यातल्या मोझेस शॅलनबर्गरच्या चाळीसेक वर्षांनंतरच्या आठवणींचा. म्हणून ‘गाड्या माथ्यावर गेल्या’ हे पक्कं धरा, पण ‘याच कपारीतून गेल्या’ असं म्हणायला दुसरा पुरावा हवा.

सुरुवात एक खिंड आणि एकच वर्ष धरून करा. त्या वर्षीच्या शक्य तितक्या दैनंदिन्या गोळा करा. बर्कलीचं बँक्रॉफ्ट ग्रंथालय, हंटिंग्टन आणि येलचं बायनेकी ही त्यांची मोठी घरं आहेत. शोधताना आजची नावं टाकलीत तर हाती फारसं लागणार नाही: डॉनर सरोवर तेव्हा ट्रकी सरोवर होतं आणि हंबोल्ट नदीला मेरीची नदी म्हणत. प्रत्येक दैनंदिनीतून तारीख, मैल, ओढे ओलांडल्याची संख्या, कुरण आणि चढाचं वर्णन एका तक्त्यात मांडा. मैलांचे आकडे बहुधा अंदाजाचे असतात; मुक्कामांचा क्रम आणि पाण्याच्या जागा जास्त भरवशाच्या.

दिशा गृहीत धरू नका. कार्सन खिंडीची गाडीवाट १८४८ च्या उन्हाळ्यात मॉर्मन बटालियनच्या (मॉर्मन पंथीयांच्या अमेरिकी सैन्यातल्या तुकडीच्या) सेवेतून मोकळ्या झालेल्या सैनिकांनी सॉल्ट लेककडे परतताना पाडली, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. त्यांच्यातल्या हेन्री बिगलरची दैनंदिनी इथे फार मोलाची आहे. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची २४ जानेवारी १८४८ ही तारीखही त्याच्याच नोंदीमुळे पक्की झाली. कार्सन नदीच्या घळीत त्यांनी खडकांवर जाळ करून ते फोडले आणि गाड्या काढल्या. पुढच्या वर्षी सोन्यासाठी आलेल्यांनी हीच वाट उलटी वापरली. पूर्वेकडून येणाऱ्याच्या नजरेने तिचा उगम शोधाल तर चुकाल.

यानंतर सरकारी भूमापनाचे जुने नकाशे आणि क्षेत्रनोंदी काढा. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर नकाशे मोफत मिळतात. मोजणीदार एक मैलाच्या रेषांवरून चालत आणि रस्ता कुठे आडवा आला ते साखळीत लिहीत: १ साखळी ६६ फूट, ८० साखळ्या १ मैल. रेषेवरचा छेदबिंदू विश्वासार्ह, दोन रेषांच्या मधला रस्ता मात्र बरेचदा नजरेने काढलेला. मोजणीचं साल तपासा. १८६० नंतरची असेल तर नकाशातला रस्ता टोलरस्ताही असू शकतो. कॅलिफोर्नियात काही मोजणीदारांनी जागेवर न जाताच कागद रंगवले होते, त्यामुळे एकाच नकाशावर विसंबू नका. आणि १९२७ च्या आधारावरचे (डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याची मूळ चौकट) जुने नकाशे आजच्या जीपीएसशी जुळवताना हा आधार बदलून घ्या, नाहीतर तिथल्या भागात जवळपास १०० मीटरचा फरक पडतो.

मग अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा लायडार डेटा (विमानातून लेसरने मोजलेली जमिनीची उंची) क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि उजेडाची दिशा बदलत चढउतारांच्या सावल्यांचं चित्र पाहा. झाडीखालची खोलगट चाकोरी उठून दिसते. लाकूडतोडीत ओंडके ओढल्याच्या खुणाही तशाच दिसतात. त्या बहुधा एका जागेवरून पंख्यासारख्या फुटतात, गाडीवाट खिंडीचा रोख धरून राहते.

जमिनीवर सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे उतार. वर जड असलेली गाडी तिरक्या उतारावर कलंडते, म्हणून स्थलांतरित सरळ अंगावरचा चढ घेत किंवा डोंगराच्या सोंडेवरून जात. डोंगराची कड कापून, दगडी बांध घालून हळूहळू चढणारा रस्ता दिसला तर तो बहुधा नंतरचा. डॉनर सरोवराचा टोलरस्ता १८६४ चा आहे. ग्रॅनाइटवर लोखंडी धावांनी सोडलेले गंजाचे पट्टे मिळतात, पण टोलरस्त्यावरच्या गाड्यांनाही लोखंडी धावाच होत्या. पट्टा, उतार आणि दैनंदिनी, तिन्ही जुळले तरच मी ती वाट मानतो.

डॉनर खिंडीच्या थोडं दक्षिणेला रोलर पास आहे. तिथे १८४६ मध्ये माथ्यावर ओंडके आडवे ठेवून त्यांवरून साखळ्या ओढल्या आणि वर उभ्या केलेल्या बैलजोड्यांनी गाड्या खेचल्या. तो चढ पाहिला की ‘सरळ अंगावर’ म्हणजे काय ते कळतं.

जुन्या वाटांवर खुणा रोवणाऱ्या ट्रेल्स वेस्ट संस्थेचे रेल्वेरुळाचे टी आकाराचे खांब सुरुवातीला उपयोगी पडतात. नोंद करताना ओरेगॉन-कॅलिफोर्निया ट्रेल्स असोसिएशनचे पाच वर्ग वापरा. अस्पर्श चाकोरी, आजही वापरात असलेली वाट आणि केवळ अंदाजाने आखलेली रेषा त्यात वेगळ्या राहतात. जुलै ते सप्टेंबर हा काळ निवडा, त्याआधी माथ्यावर बर्फ असू शकतो. संघराज्याच्या जमिनीवर सापडलेला खिळा किंवा बैलाची नाल उचलू नका. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरातत्त्वीय ठेव्याविषयीच्या १९७९ च्या कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय जागेवरून हलली की वाटेचा पुरावा म्हणून ती वस्तू संपते. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जीपीएस बिंदू नोंदवा आणि तिथल्या वनविभागाच्या पुरातत्त्वज्ञाला कळवा.